गरमी

गेटवरच्या वहीत 'कामाचे स्वरूप' असा रकाना आहे.
पहिल्या मंगळवारी मी खरं ते लिहिलं.
हवालदार मेंढेंनी ते खोडलं, वर लिहिलं : खाज.
"मॅडम, साहेब वाचतात."

मे महिना. पारा सेहेचाळीस.
तिसांच्या बराकीत एकाहत्तर माणसं
आणि एक पंखा,
कुणीतरी जुना राग दळत बसावं तसा वाजणारा.
काय होतंय विचारलं की सगळे एकच सांगतात :
गरमी.
आमच्या भाषेत हा शब्द दोन तोंडांचा.
एक आभाळाकडे बघून बोलतं,
दुसरं खाली मान घालून.
मी दुसऱ्याला भेटायला आले होते.

रक्त काढायला जागा मिळाली धान्याच्या खोलीत,
तूरडाळीच्या पोत्यांमध्ये.
बासष्ट नळ्या भरल्या. नऊ जण आलेच नाहीत,
कोणीतरी उठवलं होतं की बाई रक्त विकते.
बासष्टांत पाच निघाले.
पाच म्हणजे काही फार नाही, असं वरून कळवलं.
मी आकडे कागदावर ठेवले, नावं डोक्यात.
इथंही लिहीत नाही.

चौदा नंबरनं विचारलं, "बाई, मरतो का मी?"
नाही. जुना आजार आहे, आणि याला औषध आहे.
तीन मंगळवार, दर वेळी दोन सुया, दोन्ही बाजूंना.
वाळू भरल्यासारखं दुखेल.
"दुखू द्या. दुखलं तं समजते
का काई होऊन राह्यलं."

मग फॉर्मवरचा आठवा प्रश्न.
आणखी कोणाला औषध लागेल?
"घरी बायको."
चिठ्ठी दिली.
आणि इथं?

मेंढे दाराशी तंबाखू मळत होते.
त्यांना पाणी आणायला पाठवलं.
पाणी माझ्या पिशवीत होतं.

तो पोत्यातून सांडलेली डाळ बोटानं गोळा करत राहिला.
बराच वेळ.
मग दोन दाणे एकमेकांना चिकटवून ठेवले.
"थो खिडकीपाशी झोपते. भेला थो, आला नाई.
नाव नका विचारू. माह्या हिश्शाची सुई त्याले द्या."
औषधात हिस्सा नसतो, मी म्हटलं,
दोघांनाही पुरतं लागतं.
हसला तो. या जागेत पुरतं
कोणाला काय मिळालं होतं?

पुढच्या मंगळवारी खिडकीपाशीचा आला.
कशासाठी, मेंढेंनी हटकलं.
"खाज," तो म्हणाला,
आणि त्यांनी मान हलवून आत सोडला.
खोटा शब्द, पण दार त्यानंच उघडलं.

शेवटच्या मंगळवारी चौदा नंबर नव्हता.
"शनिवारी जामीन झाला," मेंढे म्हणाले, "तुमची एक कटकट कमी."
त्याच्या कुपीत पांढरी भुकटी तळाशी बसलेली,
न कालवलेली.
खिडकीपाशीच्यानं सुई घेतली, हूं की चूं नाही.
पायजम्याची नाडी बांधता बांधता
भिंतीला विचारल्यासारखं विचारलं,
"त्याची राह्यली का?"

गुरुवारी ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत
एका बाईच्या मुठीत माझं अक्षर होतं,
आठ घड्यांचं, घामानं निळं झालेलं.
"हे म्हणते गरमी झाली. मंग मले काहून बलावलं?"
एकट्याच आलात?
"थे काय, थे राह्यले."
खिडकीतून दिसत होतं :
कडुलिंबाखाली सायकल, सायकलीवर हात,
आणि इकडे केलेली पाठ.

बसा, म्हटलं.
शिपायाला सांगितलं, त्या झाडाखालच्या माणसाला
पाणी नेऊन दे, आणि जाऊ देऊ नको.
तिनं पदरानं मान पुसली.
"कशानं होते हे, बाई?"

मी दार लावलं.
पंखाही बंद केला,
म्हणजे हळू बोलता येईल.